विश्वास मोजायचा कोणत्या काट्यावर?

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळ आले, की वाटा फुटतात. एक भोरकडे जाते. दुसरी केतकावळ्याचा बालाजी आणि नारायणपूरचे दत्तस्थान करीत सासवड, जेजुरी गाठते. गुरुवारी या फाट्यावर वळणाऱ्यांत दत्ताच्या दर्शनाला निघालेले आणि त्या दिवशी मांसाहार न करणारे बरेच असतात. रविवारी त्याच रस्त्याने निघालेल्या अनेकांच्या डोक्यात मटण-भाकरीचे ताट असते. ताट समोर आले, की रस्सा जहाल आहे की बेताचा, मटण शिजले आहे की वातड राहिले, हे पहिल्या घासाला कळते. बोकड कापले कसे, हे मात्र शेवटच्या घासापर्यंत कळत नाही.

काहींना ते कळून घेण्याची गरज वाटत नाही. काहींचे मात्र सगळे त्यावरच अडते. मुस्लिम कुटुंब बसण्याआधी विचारते, ‘हलाल आहे ना?’ अमृतधारी शिखाला हलाल मांस वर्ज्य असते. हिंदू घरांत हा प्रश्न फारसा विचारला जात नसे. अलीकडे तोही विचारला जाऊ लागला आहे. मार्च २०२५ मध्ये राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी झटका मटण विकणाऱ्या हिंदू खाटकांच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा केली, तेव्हा हा विषय राज्यभर गाजला. खंडोबाचे नाव मटणाच्या प्रमाणपत्राला द्यावे का, यावर खुद्द जेजुरीतूनही वेगवेगळी मते उमटली.

या सगळ्या चर्चेत ‘ग्राहकांना काय हवे आहे’ हे प्रत्येकाने छातीठोकपणे सांगितले. पण ग्राहकाला नेमके काय हवे आहे, आणि त्याचा विश्वास कोणावर आहे, हे मोजायचे कसे? त्यासाठी शास्त्र आहे, आणि ते वाटते तितके सोपे नाही.

तुकड्यावर लिहिलेले नसते

हलाल पद्धतीत जनावर जिवंत आणि निरोगी असावे लागते. मुस्लिम व्यक्ती अल्लाचे नाव घेऊन धारदार सुरीने गळ्याची श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या कापते व रक्त वाहून जाऊ देते. झटका पद्धतीत एकाच घावात मान धडावेगळी होते. अख्खे जनावर मानेसकट समोर असेल, तर जाणकाराला फरक ओळखता येईल. पण सत्तुराने तुकडे होऊन अर्धा किलो मटण पिशवीत पडले, की त्या तुकड्यांवरून ही पद्धत ठरवून देणारी सर्वमान्य चाचणी आज प्रयोगशाळेकडेही नाही.

अर्थशास्त्रात अशा गुणांसाठी वेगळा कप्पा आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये मालाच्या गुणांची विभागणी केली. काही गुण घेण्यापूर्वी पाहून कळतात, जसा भाजीचा ताजेपणा. काही वापरल्यावर कळतात, जशी मटणाची चव. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये तिसरा प्रकार सांगितला. हे गुण वापरल्यानंतरही ग्राहकाला स्वतः तपासता येत नाहीत. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवूनच घ्यावे लागतात. ‘सेंद्रिय’ तांदूळ, ‘गावरान’ अंडी यांचा बराचसा भाग याच कप्प्यात येतो. हलाल आणि झटका हे तर पूर्णपणे त्यातच बसतात.

प्राण्याची जात मात्र प्रयोगशाळेत कळते. मांसातील डीएनए तपासून ते शेळीचे, म्हशीचे की डुकराचे हे सांगता येते. हैदराबादच्या मांस संशोधन संस्थेत अशा चाचण्या होतात. २०१३ मध्ये युरोपात गोमांस म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत घोड्याचे मांस असल्याचे आयर्लंडमधील अशाच तपासणीतून बाहेर आले. म्हणजे ‘कोणाचे मांस’ या प्रश्नाला यंत्र उत्तर देते. ‘कसे कापले’ या प्रश्नाला माणूसच उत्तर देतो.

आणि प्रश्न मांसापुरता राहत नाही. २००१ च्या सुरुवातीला इंडोनेशियात अजिनोमोटोच्या चवीच्या पावडरीवरून मोठे वादळ उठले. पावडर बनवणाऱ्या जिवाणूंच्या खाद्याच्या तयारीत डुकरापासून मिळवलेले विकर वापरले गेले होते. अंतिम पावडरीत डुकराचा अंश नाही, असे कंपनी सांगत होती. तरी माल बाजारातून परत घ्यावा लागला. ग्राहकाचा आक्षेप पावडरीत काय उरले यावर नव्हता, ती कशी बनली यावर होता.

हे शाकाहारी वाचकालाही परके नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अन्नपदार्थातील घटक वनस्पतीपासून आला की प्राण्यापासून, हे उघड करणे आवश्यक असल्याचे म्हटले. तेथे उदाहरण होते चव वाढवणाऱ्या डायसोडियम इनोसिनेटचे, जे मांस किंवा मासळीपासूनही बनवता येते. औषधाच्या कॅप्सूलचे जिलेटिनचे आवरण प्राण्यांच्या हाडा-कातड्यांतून येते. हिरव्या ठिपक्याकडे पाहणारा जैन ग्राहक आणि हलालचा शिक्का शोधणारा मुस्लिम ग्राहक, दोघेही एकच काम करत असतात. स्वतःला न दिसणाऱ्या गोष्टीची हमी ते दुसऱ्याकडून घेत असतात.

शिक्क्याआधीची हमी

कापूरहोळची ओळख इतिहासात आहे ती धाराऊ गाडे यांच्यामुळे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती, म्हणून बाळाला दूध पाजण्यासाठी या गावच्या धाराऊला बोलावले गेले. राजघराण्यातल्या तान्ह्या बाळाच्या पोटात जाणाऱ्या दुधाची हमी तेव्हा एका ओळखीच्या बाईवरच्या विश्वासात होती.

मटणाचेही गावोगाव असेच होते. जुन्या गावगाड्यात मुलाणा हा एक हक्कदार होता. गावच्या जत्रेत, नवसाच्या कार्यात बोकडावर सुरी चालवण्याचे काम त्याच्याकडे असे आणि त्याबद्दल त्याला ठरलेला वाटा मिळे. अनेक हिंदू घरे त्याने कापलेले मटण पिढ्यानपिढ्या खात आली. काही ठिकाणी हिंदू खाटीक होते. कोण कापतो हे सगळ्या गावाला ठाऊक होते, म्हणून शिक्क्याची गरज नव्हती.

महामार्गाने ही ओळख मोडली. आज कापूरहोळला थांबणारा गिऱ्हाईक कोल्हापूरचा असतो, बेंगळुरूचा असतो. तो पुन्हा कधी इथे येईल याची खात्री नाही. हॉटेलवाल्याचा खाटीक कोण, हे त्याला माहीत नाही. ओळख जिथे संपते तिथे शिक्का सुरू होतो. तो शिक्का खरा किती चालतो, हे मोजण्याची गरजही तिथेच सुरू होते.

‘तुमचा विश्वास आहे का?’

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे थेट विचारणे. ‘हलालच्या शिक्क्यावर माझा विश्वास आहे’ या विधानाला ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत पाच पर्याय द्यायचे. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली ही पट्टी आजही जगभर वापरली जाते. तिचा एक दोष आपल्याकडे लवकर जाणवतो. समोर वही-पेन घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्याला नाराज करू नये, म्हणून माणसे ‘हो, हो’ म्हणत जातात. म्हणून जाणकार संशोधक एकच गोष्ट उलटसुलट विचारतात. ‘शिक्का असला तरी मला शंका येते’ यालाही कोणी ‘सहमत’ म्हणाला, तर पहिले उत्तर बाजूला ठेवावे लागते.

दुसरी अडचण लाजेची आणि भीतीची. मांसाहार हा आपल्याकडे नाजूक विषय आहे. २०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे ४० टक्के लोकांची नोंद शाकाहारी म्हणून झाली होती. अशा आकड्यांवर २०१८ मध्ये बालमुरली नटराजन आणि सूरज जेकब यांनी बोट ठेवले. सामाजिक दबावामुळे लोक मांस खाल्ल्याचे कमी सांगतात आणि शाकाहारी असल्याचे जास्त सांगतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. जिथे ‘मटण खाता का?’ याचेच उत्तर सरळ मिळत नाही, तिथे ‘कापणाऱ्याचा धर्म पाहून दुकान निवडता का?’ याचे कसे मिळावे?

यावर स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये एक वाट दाखवली. तिचे एक सोपे रूप असे. समजा, २०० गिऱ्हाइकांना हाच प्रश्न विचारायचा आहे. प्रत्येकाने आडोशाला जाऊन नाणे उडवायचे. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचे. काटा पडला तर खरे उत्तर द्यायचे. नाणे काय पडले हे विचारणाऱ्याला कळत नाही, त्यामुळे ‘हो’ म्हणणाऱ्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. आता एकूण १३० जण ‘हो’ म्हणाले असे धरू. सुमारे १०० जणांना छापा पडला असणार आणि ते सगळे ‘हो’ म्हणाले असणार. उरलेल्या १०० जणांत ३० ‘हो’ खरे. म्हणजे धर्म पाहून दुकान निवडणारे सुमारे ३० टक्के. एकाही माणसाचे गुपित न फोडता पूर्ण गटाचे उत्तर मिळते. यातले आकडे समजावण्यापुरते आहेत. पद्धत मात्र पक्की आहे.

खिशाला विचारले तर

तिसरी अडचण बोलणे आणि वागणे यांतल्या अंतराची. ‘मी नेहमी प्रमाणित दुकानातूनच घेतो’ असे म्हणणारा माणूस रविवारी सकाळी रांग पाहून शेजारच्या दुकानात शिरतो. म्हणून संशोधक मत विचारण्याऐवजी निवड करायला लावतात. गिऱ्हाइकाला दोन चिठ्ठ्या दाखवायच्या. एकीवर लिहिलेले असते: ओळखीचे दुकान, शिक्का नाही, समोर कापून मिळेल, ७५० रुपये किलो. दुसरीवर: अनोळखी दुकान, शिक्का आहे, मटण आधीच कापलेले पण शीतपेटीत ठेवलेले, ८०० रुपये किलो. यांपैकी एक निवडा. अशा आठ-दहा जोड्या, प्रत्येक वेळी भाव, ओळख, शिक्का, स्वच्छता यांची अदलाबदल करून. शेवटी सगळ्या निवडींचा हिशेब मांडला, की शिक्क्यासाठी माणूस किती रुपये जास्त मोजेल आणि ओळखीसाठी किती, हे वेगवेगळे काढता येते.

यातून एक महत्त्वाचा फरक दिसतो: पसंती वेगळी आणि विश्वास वेगळा. एखाद्याला हलालच हवे असते, पण समोरच्या शिक्क्यावर त्याचा विश्वास नसतो. दुसऱ्याचा शिक्क्यावर पूर्ण विश्वास असतो, पण त्याला त्याने काही फरक पडत नाही. तिसऱ्याला हलाल नको असते, आणि नेमका त्यासाठीच तो शिक्का वाचतो. तिघांचे उत्तर एकाच रकान्यात भरले, तर निघालेली सरासरी तिघांपैकी कोणाचीच नसते.

बेल्जियममध्ये करीने बोन आणि विम व्हर्बेके यांनी २००६ साली तेथील ३६७ मुस्लिमांची पाहणी केली. सरकारी यंत्रणेपेक्षा इस्लामी संस्थांवर आणि त्याहून विशेष म्हणजे आपल्या मुस्लिम खाटकावर त्यांचा विश्वास अधिक होता. एकाच धर्माच्या या लोकांतही उदासीन, चिंताग्रस्त, निर्धास्त असे वेगवेगळे गट निघाले. ‘मुस्लिम ग्राहकाला हे हवे’ किंवा ‘हिंदू ग्राहकाला ते हवे’ असे ठोकून देणाऱ्याने हा निकाल जरूर पाहावा. युरोपातल्या एका प्रगत देशातही छापील शिक्क्यापेक्षा ओळखीच्या चेहऱ्याचे वजन जास्त भरले.

आपल्याकडे आणखी एक खाचखळगा आहे, तो पंचांगाचा. प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ च्या अहवालानुसार ८१ टक्के भारतीय प्रौढ मांसाहाराबाबत काही ना काही बंधन पाळतात. कोणी ठरावीक मांस खात नाही, तर कोणी ठरावीक वारी. कापूरहोळच्या चौकात गुरुवारी पाहणी केली, तर एक उत्तर येईल. रविवारी केली, तर दुसरे. गटारीच्या आदल्या दिवशीची पाहणी आणि श्रावणातली पाहणी एकाच गावाच्या आहेत असे वाटणारही नाही. माणसे किती निवडली याइतकेच ती कोणत्या दिवशी निवडली, यालाही महत्त्व आहे.

आरोग्याचे काय?

विश्वास डळमळला की त्याला आरोग्याचा आधार शोधला जातो. हलालमध्ये सगळे रक्त निघून जाते म्हणून ते मांस शुद्ध, असे एक बाजू म्हणते. झटक्यात जनावर घाबरत नाही म्हणून ते मांस चांगले, असे दुसरी म्हणते. पुरावा काय सांगतो?

हलुक अनिल व सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थेट गळा कापलेल्या आणि आधी बधिर करून मग कापलेल्या मेंढ्यांच्या रक्तस्रावात लक्षणीय फरक आढळला नाही. वेदनेबाबत मात्र फरक दिसतो. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये वासरांच्या मेंदूतील विद्युत लहरी नोंदवून दाखवले, की बधिर न करता गळा कापल्यास वेदनेशी निगडित बदल दिसतात. न्यूझीलंडमधील कत्तलखान्यांत हलालसाठीही जनावर आधी विजेने, पुन्हा शुद्धीवर येऊ शकेल इतपतच, बधिर करतात. अशी बधिरता हलालमध्ये चालते की नाही, यावर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांमध्येच मतभेद आहेत.

मांसाच्या दर्जावर मोठा परिणाम होतो तो सुरीच्या आधीच्या काही तासांचा. गाडीत कोंबून, उन्हातान्हात, पाण्याविना आणलेल्या जनावराच्या स्नायूंतील ग्लायकोजेन संपते. मग कापल्यानंतर पुरेसे लॅक्टिक आम्ल तयार होत नाही. मांस गडद आणि कोरडे दिसते व लवकर खराब होते. सुरीच्या नंतरचे तासही तितकेच महत्त्वाचे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. साल्मोनेला शिक्का पाहून येत नाही. हलाल असो वा झटका, उघड्यावर टांगलेल्या, माश्या बसलेल्या मटणाचा धोका सारखाच.

प्रमाणपत्र कोणाचे?

देशातील ग्राहकासाठी हलाल प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचे नाही. ते हलाल इंडिया, जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट यांसारख्या खासगी संस्था देतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना आणि शाकाहार-मांसाहाराचे चिन्ह ही वेगळी, कायद्याची गोष्ट आहे. उत्तर प्रदेशने नोव्हेंबर २०२३ मध्ये हलाल प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी घातली, मात्र निर्यातीचा माल त्यातून वगळला. उलट केंद्राने १६ ऑक्टोबर २०२४ पासून सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया, इंडोनेशिया यांच्यासह १५ देशांना हलाल म्हणून जाणाऱ्या मांसासाठी भारतीय गुणवत्ता परिषदेच्या योजनेखालील प्रमाणन आवश्यक केले. परदेशातील खरेदीदाराला विश्वास हवा होता, म्हणून तपासणारी व्यवस्था उभी राहिली. गावच्या गिऱ्हाइकासाठी तशी व्यवस्था नाही. इथे शिक्के वाढत आहेत, पण शिक्का देणाऱ्याला कोण तपासतो, हे ग्राहकाला सहज कळत नाही.

या सगळ्यात पोट टांगणीला लागते ते दुकानदाराचे. वर्षानुवर्षे सगळ्या जातीधर्मांच्या गिऱ्हाइकांना मटण देणाऱ्या मुलाण्याचे किंवा हिंदू खाटकाचे गिऱ्हाईक एका शिक्क्यामुळे तुटू शकते, मग त्याच्या मटणात काहीही दोष नसो. म्हणूनच ‘ग्राहकांना हेच हवे’ असे सांगणाऱ्याला विचारायला हवे: किती जणांना विचारले, कोणत्या दिवशी विचारले आणि कसे विचारले?

आपल्या धर्माप्रमाणे, श्रद्धेप्रमाणे खाण्याचा आणि ते विचारून घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हलाल हवे असणाऱ्यालाही, नको असणाऱ्यालाही. ते उत्तर दुकानदाराकडूनच मिळणार आणि ते त्याच्या शब्दावरच घ्यावे लागणार. पण काही गोष्टी गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतात. परवाना भिंतीवर लावला आहे का? ओंडका आणि सत्तूर धुतलेले आहेत का? मटण झाकलेले आहे की उघडे? रंग लालसर आहे की काळपट, वास आंबूस तर नाही? उरलेले मटण शीतपेटीत जाते की पुन्हा खुंटीला? घरी पोहोचायला किती वेळ लागणार आहे? कापूरहोळहून रविवारी मटण घेऊन पुण्याकडे निघालेल्याने, गाडी वाहतूक कोंडीत अडकण्याची शक्यता धरून, पिशवीत बर्फ टाकून घेतलेला बरा.